रस्त्यावरच्या पिकअपसाठी परफॉर्मन्स कार्ब्युरेटर ट्यून करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्ब्युरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. इथली उत्तरं मुख्यतः होली या कंपनीच्या धाटणीच्या, चार बॅरलच्या, म्हणजे हवेच्या चार वाटांच्या कार्ब्युरेटरला धरून आहेत. वेबर आणि एडलब्रॉक या दुसऱ्या बनावटींच्या मालकांसाठी शेवटाकडे वेगळा प्रश्न आहे. गाडी रोज रस्त्यावर चालणारी आहे, सिग्नलला थांबते, ट्रॅफिकमध्ये रखडते, असं गृहीत धरलं आहे. ड्रॅग स्ट्रिपचा हिशेब वेगळा, तो इथे नाही.

मोठा कार्ब्युरेटर बसवला, तरी गाडी आधीपेक्षा सुस्त का वाटते?

मोठा आहे म्हणूनच. व्हेंचुरीतून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून, हवा जितक्या वेगाने जाते तितक्या जोराने पेट्रोल ओढलं जातं. भोक मोठं झालं की कमी आरपीएमला हा वेग पडतो. बूस्टरमधून, म्हणजे त्या गळ्यातल्या पेट्रोलच्या तोंडातून, पेट्रोल उशिरा सुरू होतं आणि आलं तरी बारीक तुषार होण्याऐवजी थेंबाथेंबाने येतं. वरच्या आरपीएमला ताकद असते, पण खालच्या आरपीएमला पाय टेकवल्यावर काही घडत नाही.

साइझ काढायचा हिशेब सोपा आहे : इंजिनाचे घनइंच गुणिले कमाल आरपीएम, भागिले ३४५६. ३५० घनइंचाचं, म्हणजे साधारण ५.७ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला जास्तीत जास्त ६०८ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा घेईल, तीही सिलिंडर शंभर टक्के भरले तर. रस्त्यावरचं इंजिन ८५ टक्क्यांच्या आसपास भरतं असं धरलं तर आकडा ५१६ वर येतो. अशा इंजिनावर ६०० चा कार्ब्युरेटर पुरून उरतो आणि ७५० चा बहुतेक वेळा मिरवण्यासाठीच असतो. दोन साइझमध्ये अडकलात तर लहान घ्या.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. चार बॅरलचं रेटिंग १.५ इंच पाऱ्याच्या दाबफरकावर केलेलं असतं, दोन बॅरलचं ३ इंचांवर. त्यामुळे ५०० चा दोन बॅरल आणि ५०० चा चार बॅरल सारखी हवा देत नाहीत. दोन बॅरलचा आकडा १.४१ ने भागून मगच तुलना करा.

पिकअपसाठी कोणते मेन जेट घालू?

मेन जेट म्हणजे मुख्य वाटेवर पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सुरुवात इथून करू नये. शहरात चालवताना थ्रॉटल (पायाने उघडणारी हवेची झडप) क्वचितच पाव भागापेक्षा जास्त उघडतो. तेवढ्यात मेन सर्किट धड सुरूही झालेलं नसतं. त्या वेळी गाडी आयडल सर्किट (पाय न ठेवता इंजिन चालू ठेवणारी पेट्रोलची वाट), ट्रान्सफर स्लॉट (थ्रॉटल किंचित उघडताच पेट्रोल देणारी फट) आणि ॲक्सिलरेटर पंप (पाय टेकवताच पेट्रोलची धार मारणारा) या तिघांवर चालते. रस्त्यावर हाताला लागणारा पिकअप इथेच कमावला किंवा गमावला जातो. मेन जेट कंपनीने दिलेलेच ठेवा आणि त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी वळा.

कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी काय बघायचं?

इग्निशन. कार्ब्युरेटरच्या नावावर खपवलेल्या तक्रारींमध्ये टायमिंगच्या तक्रारी भरपूर असतात. जुन्या स्मॉल ब्लॉक शेव्हरोलेटसारख्या इंजिनाला एकूण ३४ ते ३६ अंश ॲडव्हान्स लागतो, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधी तेवढे अंश ठिणगी पडावी लागते. पण रस्त्यावर महत्त्वाचं हे की सुरुवातीचं टायमिंग किती आहे आणि मेकॅनिकल ॲडव्हान्स किती लवकर पूर्ण होतो. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) थोडा गरम, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा, असेल आणि सुरुवातीचं टायमिंग ४-६ अंशांवर ठेवलं असेल, तर इंजिन आळशी राहणारच. मग आयडल टिकवायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो आणि त्यातून पुढच्या अनेक भानगडी सुरू होतात. त्या पुढे येतीलच.

व्हॅक्यूम ॲडव्हान्सची, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर ठिणगी लवकर आणणारी, नळी काढून तोंड बंद करणारे बरेच आहेत. रस्त्यावरच्या गाडीत असं करू नका. ती नळी कार्ब्युरेटरच्या पोर्टला जोडायची की सरळ मॅनिफोल्डला (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांना), यावर लोक हमरीतुमरीवर येतात. गरम कॅमवर मी मॅनिफोल्डच्या बाजूने आहे : आयडलला जादा ॲडव्हान्स मिळतो, आरपीएम आपोआप वाढतात आणि थ्रॉटल बंद करायला जागा मिळते.

मग हवा कुठून खेचली जाते का ते पाहा. बेसखालचं गॅस्केट, इनटेकचे सांधे, ब्रेक बूस्टरची नळी, तडकलेल्या रबरी टोप्या. एकेक नळी चिमटीत दाबून आयडल बदलतो का बघणं हा सगळ्यात सुरक्षित उपाय. गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारत बसणं मला पटत नाही.

पेट्रोलचा दाब होलीला ५ ते ७ पीएसआय, वेबरला साधारण ३. जास्त दाब दिला की फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्याची) सुई पेट्रोल अडवू शकत नाही आणि बाकीचं ट्यूनिंग वाया जातं.

फ्लोट लेव्हल इतकी महत्त्वाची आहे का?

हो. बाउलमधल्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतल्या, पेट्रोलची पातळी बदलली की प्रत्येक सर्किट सुरू होण्याची वेळ बदलते. बाउलच्या बाजूला पितळी प्लग असेल तर गाडी सपाट जागी उभी करून, आयडलला ठेवून तो काढा. पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेला लागलेलं असावं, गाडी किंचित हलवली तर थेंब ओघळावा इतपतच. आपोआप वाहत असेल तर पातळी जास्त, आणि हलवूनही काही दिसत नसेल तर कमी. खाली फडकं धरा, एक्झॉस्ट तापलेला नसू द्या आणि अग्निशामक हाताशी ठेवा. नव्या कार्ब्युरेटरांना काचेची खिडकी असते, तिथे हा सगळा खटाटोप वाचतो.

आयडलचे मिक्स्चर स्क्रू कसे लावायचे?

इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा, व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला. सगळे स्क्रू हलक्या हाताने आत बसवा आणि प्रत्येक दीड फेरा बाहेर घ्या. आवळून बसवलात तर टोकावर खाच पडते आणि तो स्क्रू पुन्हा कधी नीट लागत नाही. मग एकेक स्क्रू आठवा भाग फेऱ्याने फिरवा, गेजवर सगळ्यात जास्त व्हॅक्यूम येईल तिथे थांबा आणि दुसऱ्याकडे जा. चारही कोपऱ्यांना स्क्रू असतील तर सगळ्यांना सारखं फिरवा. आरपीएम वाढले तर आयडल स्क्रूने खाली आणा आणि पुन्हा एक फेरी करा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर शेवटची फेरी गिअरमध्ये, हँडब्रेक लावून, चाकांना ठोकळे देऊन आणि ब्रेकवर माणूस बसवून करा.

बंद गॅरेजमध्ये हे करू नका. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही कळत नाही.

स्क्रू पूर्ण आत घातले तरी इंजिनावर परिणामच होत नाही. स्क्रू खराब आहेत का?

स्क्रू बहुधा ठीक असतात. थ्रॉटल प्लेट जास्त उघडी राहिली आहे. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

प्रायमरी, म्हणजे आधी उघडणाऱ्या, थ्रॉटल प्लेटच्या कडेला, बोअरच्या भिंतीत, एक उभी बारीक फट असते. ती ट्रान्सफर स्लॉट. आयडलला प्लेटच्या खाली या फटीचा थोडाच भाग उघडा असायला हवा, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. कार्ब्युरेटर उलटा करून पाहिलात तर तो उघडा तुकडा चौकोनी दिसला पाहिजे. लांबट आयत दिसला तर फटीतून आयडललाच पेट्रोल वाहतं आहे. मग मिक्स्चर स्क्रूंना काम उरत नाही, आयडल रिच (पेट्रोल जास्त) होतं आणि प्लग काळे पडतात. त्याहून वाईट म्हणजे, पाय टेकवल्यावर जे पेट्रोल या फटीतून नव्याने मिळायला हवं होतं ते आधीच वापरलं गेलेलं असतं. तिथेच गाडी अडखळते.

म्हणून आयडल स्क्रू फिरवत बसण्याआधी कार्ब्युरेटर काढा, उलटा धरा आणि प्लेट त्या चौकोनावर आणून ठेवा. परत बसवल्यावर आयडल कमी पडलं तर हवा दुसरीकडून द्या. आधी टायमिंग वाढवा. मग सेकंडरी, म्हणजे नंतर उघडणाऱ्या, प्लेटचा छोटा स्टॉप स्क्रू किंचित आत घ्या. बहुतेक मॉडेलांत तो बेसप्लेटला खालच्या बाजूने असतो आणि कार्ब्युरेटर काढल्याशिवाय सापडत नाही. त्यामुळेच तो कोणी फिरवत नाही. फार गरम कॅमला हेही पुरत नाही, तेव्हा थ्रॉटल प्लेटला बारीक भोकं पाडतात. तो अगदी शेवटचा उपाय, कारण पाडलेलं भोक बुजवणं कटकटीचं असतं.

पाय टेकवला की गचका बसतो. पंप बदलू का?

आधी गचका कोणत्या जातीचा ते ओळखा. रिकाम्या रस्त्यावर वरच्या गिअरला, २००० आरपीएमच्या आसपास स्थिर चालवा. ॲक्सिलरेटर अगदी सावकाश दाबत न्या, पंपाची धार जवळजवळ येणारच नाही इतक्या सावकाश. तरीही त्याच जागी अडखळली तर पंपाचा दोष नाही. दोष आयडल किंवा ट्रान्सफर सर्किटचा, म्हणजे वरच्या उत्तराकडे परत जा. सावकाश दाबल्यावर गाडी गुळगुळीत जाते आणि झटकन दाबल्यावरच गचका बसतो, तेव्हा पंपाकडे बघा.

नंतर इंजिन बंद करून, फिल्टर काढून, टॉर्च धरून थ्रॉटल हाताने हलवा. लिंकेज जरासं सरकताच नोझलमधून धार सुटली पाहिजे. आधी थोडा मोकळा प्रवास आणि मग धार, असं दिसलं तर पंपाची आर्म सैल आहे. ती समायोजित करा : आयडलला आर्म आणि लिव्हर एकमेकांना टेकलेले, फट शून्य, आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असताना पंपाच्या लिव्हरला अजून ०.४ मिलिमीटरभर जायला वाव. तो वाव नसेल तर डायफ्राम दाबून दाबून फाटतो. चेहरा कार्ब्युरेटरच्या तोंडावर आणून बघू नका, बाजूने बघा.

धार वेळेवर सुटते तरी गचका आहे? मग लक्षणं वाचा. कार्ब्युरेटरमधून खोकल्यासारखा फटका आला तर लीन (पेट्रोल कमी). मागून काळा धूर आणि गाडी दबून मग उठते, तर रिच. लीन असेल तर नोझल एक पायरी मोठं करा. नोझलचा आकडा म्हणजे भोक इंचाच्या हजाराव्या भागात : २८, ३१, ३५ असं चढत जायचं. मोठं नोझल तेच पेट्रोल लवकर देतं. धारेचं एकूण प्रमाण आणि आकार बदलायचा असेल तर पंपाचा रंगीत प्लास्टिकचा कॅम बदलावा लागतो. या दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

रस्त्यावरच्या गाडीला ३० सीसीचा पंप सहसा पुरतो. ५० सीसीचा किट बसवून गचका गेला तर बहुधा ट्रान्सफर सर्किटचा आजार पेट्रोल ओतून झाकला आहे.

स्थिर वेगाला गाडी ढकलल्या-ओढल्यासारखी करते. मेन जेट वाढवले तरी फरक नाही.

पडणारही नाही. हलक्या पायाने सपाट रस्त्यावर जाताना पुष्कळ कार्ब्युरेटर अजून ट्रान्सफर स्लॉटवरच चाललेले असतात. फिल्टर काढून, गाडी उभी असताना आरपीएम हळूहळू वाढवून बूस्टर टॉर्चने बघा. पेट्रोल कुठून टपकायला लागतं ते दिसेल. उभ्या गाडीवर भार नसतो, त्यामुळे आकडा तंतोतंत जुळणार नाही, पण अंदाज येतो.

हा लीनपणा घालवायला आयडल फीडचं, म्हणजे आयडल सर्किटला पेट्रोल देणारं, भोक वाढवावं लागतं. मीटरिंग ब्लॉकमध्ये बदलता येणारे स्क्रूसारखे जेट असतील तर ०.००२ इंचाने वर जा आणि थांबा. इतकं बारीक भोक की तेवढ्यानेही चांगला फरक पडतो. उलट रिच असेल तर भोकात बारीक तार अडकवून ते लहान करतात. ही जुनी युक्ती आहे आणि आवडली नाही तर तार काढली की मूळपदावर. भोक बदललं की मिक्स्चर स्क्रू पुन्हा लावायचे.

पॉवर व्हॉल्व्हचा आकडा कसा ठरवायचा?

६.५ लिहिलेला व्हॉल्व्ह मॅनिफोल्ड व्हॅक्यूम ६.५ इंचांखाली आला की उघडतो आणि मेन सर्किटला जास्तीचं पेट्रोल देतो. आयडलला १२ इंच किंवा जास्त व्हॅक्यूम असेल तर ६.५ चालतो. त्याहून कमी असेल तर व्हॅक्यूम निम्मा करा आणि त्याच्या जवळचा आकडा घ्या. ऑटोमॅटिकमध्ये व्हॅक्यूम गिअर टाकून मोजायचा.

व्हॉल्व्ह काढून तिथे बूच लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. शर्यतीच्या गाडीत असेल ठीक. रस्त्यावर त्याची भरपाई म्हणून मेन जेट सहा-आठ आकड्यांनी वाढवावे लागतात आणि मग गाडी क्रूझला (स्थिर वेगाला) सतत रिच चालते, प्लग काळे होतात, पेट्रोल जातं. बॅकफायरने व्हॉल्व्हचा डायफ्राम फाटतो ही भीती जुन्या कार्ब्युरेटरांपुरती खरी होती. होलीने १९९२ पासून त्यासाठी आत चेक व्हॉल्व्ह दिलेला आहे.

व्हॅक्यूम सेकंडरी चांगली की मेकॅनिकल?

जड गाडी, ऑटोमॅटिक, उंच गिअरिंग असेल तर व्हॅक्यूम. हलकी गाडी, मॅन्युअल, बऱ्यापैकी कॅम असेल तर मेकॅनिकल, म्हणजे डबल पंपर. डबल पंपर दिसायला मर्दानी वाटतो म्हणून घेणाऱ्यांची संख्या कमी नाही. पण ३००० आरपीएमखाली पाय दाबून चारही बॅरल उघडणाऱ्याला तो गचक्याशिवाय काही देत नाही.

व्हॅक्यूम सेकंडरीचं ट्यूनिंग एका स्प्रिंगवर आहे. पांढरी सगळ्यात हलकी, काळी सगळ्यात कडक. गचका न बसता जी सगळ्यात हलकी चालेल ती ठेवा. न्यूट्रलमध्ये रेस देऊन 'सेकंडरी उघडत नाही' अशी तक्रार करू नका, भार नसताना ती उघडतच नाही. खात्री करायची असेल तर डायफ्रामच्या दांड्याला, घराच्या खालच्या कडेला टेकवून, कागदाची क्लिप अडकवा. पूर्ण थ्रॉटलवर एक फेरी मारून या. क्लिप खाली सरकलेली दिसली की कळतं दांडा किती चालला.

वाइडबँड मीटर घ्यावाच का?

हा मीटर एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवतो. घेता आला तर घ्या, अंदाजपंचे काम कमी होतं. साध्या पेट्रोलवर क्रूझला १४ ते १४.७, पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १३ हे लक्ष्य ठीक. आयडलला आकड्याच्या मागे लागू नका, इंजिन जिथे शांत आणि व्हॅक्यूम जास्त तिथे सोडा. गरम कॅममध्ये न जळलेली हवा एक्झॉस्टमध्ये जाते आणि मीटर खोटा लीन दाखवतो. मिसफायरलाही तसंच : पेट्रोल न जळता बाहेर जातं, पण सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो. त्यामुळे प्लग काढून बघायची सवय सोडू नका.

पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर?

इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर मिश्रण सावरून घेतो, कार्ब्युरेटरला ते कळत नाही. शुद्ध पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७, दहा टक्के इथेनॉल मिसळलं की साधारण १४.१, वीस टक्क्यांना १३.५ च्या आसपास. म्हणजे काहीही न बदलता गाडी थोडी लीन होते, आणि त्याचा पहिला फटका बसतो तो पाय टेकवल्यावरच्या क्षणाला. सेटिंग ज्या पेट्रोलवर गाडी रोज चालणार त्याच पेट्रोलवर करा. पंपाचा जुना रबरी डायफ्राम इथेनॉलने कडक होतो किंवा फुगतो. इथेनॉल सोसणारा डायफ्राम बसवा.

डोंगरावर गेलं की गाडी दबते.

हवा विरळ होते, मिश्रण रिच होतं. दर २००० फुटांना मेन जेट एक आकडा कमी, हा होलीचा ठोकताळा आहे. दोन दिवसांच्या सहलीसाठी जेट बदलू नका.

जेटला ड्रिल मारून मोठं केलं तर?

नको. होलीच्या जेटचा आकडा नुसतं भोक नाही, त्यातून वाहणारं पेट्रोल सांगतो. तोंडाचा उतार बिघडला की आकड्याला अर्थ उरत नाही.

माझ्याकडे एडलब्रॉक किंवा वेबर आहे. मला काय लागू?

इग्निशन, हवागळती, दाब आणि ट्रान्सफरचं तत्त्व सगळ्यांना सारखंच. एडलब्रॉकमध्ये पॉवर व्हॉल्व्हच्या जागी मीटरिंग रॉड असतात. व्हॅक्यूम त्यांना जेटमध्ये खाली ओढून धरतो आणि तो पडला की स्प्रिंग वर उचलते. नेहमीची नारिंगी स्प्रिंग ५ इंचांची. वरचं झाकण न काढता रॉड आणि स्प्रिंग बदलता येतात, ही त्याची मोठी सोय. हलक्या भाराला गाडी लीन वाटत असेल तर लवकर उठवणारी स्प्रिंग घालून बघा, पैसे आणि वेळ दोन्ही कमी लागतात.

वेबर डीसीओईमध्ये रस्त्यावरचा सगळा खेळ आयडल जेट आणि प्रोग्रेशनच्या भोकांचा (ट्रान्सफर स्लॉटच्या जागी असलेल्या) आहे. सुरुवातीचा हिशेब असा : चोकच्या (इथे चोक म्हणजे व्हेंचुरी, थंड गाडीचा चोक नव्हे) मिलिमीटरला चारने गुणा, तो मेन जेट. त्यात ५० मिळवा, तो एअर करेक्टर. ३२ चा चोक असेल तर मेन १३० च्या आसपास आणि एअर १८०. पण त्याआधी, दोन कार्ब्युरेटर असतील तर, दोन्ही सारखी हवा घेतात का ते सिंक्रोमीटरने (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) जुळवा. ते नसेल तर जेटांची पेटी उघडण्यात अर्थ नाही.

थंड गाडी छान सुरू होते, पण गरम असताना बंद करून थोड्या वेळाने स्टार्ट होत नाही.

इंजिन बंद झाल्यावर त्याची उष्णता वर चढते आणि बाउलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये टपकतं. इंजिन पेट्रोलने भिजलेलं असतं. ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा दाबू नका, त्याने पंप आणखी पेट्रोल ओततो. पूर्ण खाली दाबून धरा आणि सेल्फ मारा, हवा जाऊन भिजलेलं इंजिन मोकळं होतं. कायमचा उपाय म्हणजे कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा स्पेसर, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब आणि मॅनिफोल्डखालची गरम वायूची वाट बंद. स्पेसर घातल्यावर बॉनेट लावण्याआधी फिल्टरच्या झाकणावर मातीचा छोटा गोळा ठेवून बॉनेट एकदा हळूच बंद करून बघा. गोळा चपटा झाला तर तेवढी उंची परवडणारी नाही, पातळ स्पेसर घ्या.